बीआरझेड की शहाऐंशी? शनिवारच्या आत सांगा

प्रेषक: निखिल
मंगळवार, रात्री ११.१४

मंडळी, जुन्या गाडीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, परत उगाळत नाही. दोन गाड्यांवर येऊन अडकलोय आणि शनिवारी एका मालकाला हो म्हणायचंय.

पहिली २०१३ ची सुबारू बीआरझेड. ९४ हजार किलोमीटर, एकच मालक, गाडीला कुणी हात लावलेला नाही. दुसरी २०१७ ची टोयोटा ८६. ६८ हजार किलोमीटर, तिसरा मालक, सस्पेन्शनच्या स्प्रिंगा बदलून खाली बसवलेली, सायलेन्सर बाहेरचा. मूळ स्प्रिंगा "असतील कुठेतरी" म्हणाला.

दोन्ही मॅन्युअल, किंमत सारखीच. सख्ख्या बहिणी आहेत, एकाच कारखान्यात जन्मल्या, हे मला ठाऊक आहे. तेव्हा "त्याच गाड्या आहेत रे" हे उत्तर नको. अडलंय एवढ्यावरच: बीआरझेडचं इंजिनातल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगांचं रिकॉलचं (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावल्या, ते) काम झालेलं आहे. हे चांगलं की वाईट?

निखिल


प्रेषक: मंदार
मंगळवार, रात्री ११.३१

वाईट. ८६ घे आणि झोप.

२०१७ ला मॅन्युअलमध्ये २०० ची २०५ अश्वशक्ती झाली, इनटेक मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचं आलं, फायनल ड्राइव्ह (चाकांना ताकद देणारा शेवटचा गिअर) ४.१ चा ४.३ झाला. पाच घोड्यांनी काही होत नाही, पण गिअरिंगचा फरक पहिल्या चौकात कळतो. तीन हजार ते साडेचार हजार आरपीएमच्या मध्ये जुन्या गाडीचा दम जातो, ती दरी नव्या गिअरिंगमुळे बुजत नाही, पण लवकर ओलांडता येते. आणि हेडलाइट एलईडी.

स्प्रिंगा काय, दुपारभराचं काम. मी येतो.

मंदार


प्रेषक: बापूकाका
बुधवार, सकाळी ६.०२

चि. निखिल,

मंदारला झोप लवकर लागते, आम्हाला लागत नाही. त्यामुळे सविस्तर लिहितो.

रिकॉल २०१८ च्या अखेरीस निघालं. २०१२-१३ मध्ये बनलेल्या इंजिनांतल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगा तुटू शकतात, म्हणून. साध्या सरळ इंजिनात वरचं झाकण काढलं की स्प्रिंग समोर दिसते. हे बॉक्सर इंजिन. सिलिंडर आडवे झोपलेले, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. म्हणजे 'वरचं झाकण' गाडीच्या दोन्ही कडांना, चॅसिसला चिकटून. तिथे पाना फिरवायला जागा नाही. म्हणून अख्खं इंजिन खाली उतरवायचं, पुढचं टायमिंग कव्हर काढायचं, कॅमशाफ्ट सोडवायचे, स्प्रिंगा बदलायच्या आणि सगळं परत बंद करायचं.

खरी गोम या 'परत बंद करायचं' मध्ये आहे. ही झाकणं कागदी गॅस्केटवर बसत नाहीत, पातळ सिलिकॉनवर बसतात. कारागिराने हात सैल सोडला की जादा सिलिकॉन आतल्या बाजूला ओघळतं. वाळलं, तुटलं, तेलात पडलं की इंजिनच्या तळाशी तेल साठतं त्या चेंबरमधल्या, तेल गाळणाऱ्या जाळीवर जाऊन बसतं नाहीतर तेलाच्या वाटेत अडकतं. मग बेअरिंगला तेल पोचत नाही. पुढचं सांगायला नको.

तेव्हा काम झालं हे चांगलंच आहे. प्रश्न 'कुणी केलं' हा आहे. कागद आहेत का?

बापूकाका


प्रेषक: निखिल
बुधवार, सकाळी ८.४०

काका, कागद आहे. २०१९ मधला, शोरूमच्या सर्व्हिसचा. त्यावर फक्त 'रिकॉल पूर्ण' आणि रिकॉल क्रमांक. कुणी केलं, काय काय बदललं, काही नाही. त्यानंतर गाडी ३१ हजार किलोमीटर धावली आहे.


प्रेषक: मंदार
बुधवार, सकाळी ८.५२

बघा. म्हणजे काहीच कळलं नाही. स्प्रिंगा तुटून जेवढी इंजिनं गेली त्यापेक्षा जास्त त्या बदलताना गेली.


प्रेषक: बापूकाका
बुधवार, सकाळी ९.१०

कुणी मोजली?


प्रेषक: शिल्पाताई
बुधवार, सकाळी ९.२५

नमस्कार,

वार्षिक सभेत ठरल्याप्रमाणे खरेदी-विक्रीच्या मेलच्या विषयात आधी 'वाहन' लिहायचं होतं. निखिल नवीन नाही.

आणि दुसरं म्हणजे, मंडळाचे दोन्ही स्पीकर, मिक्सर आणि स्टँड निखिलकडे असतात. गेल्या कार्यक्रमाला काय झालं ते मी लिहीत नाही. दोन दरवाजांच्या गाडीत हे सामान कसं मावणार?

शिल्पा (सचिव)


प्रेषक: सुहासकाका
बुधवार, सकाळी १०.०५

मंडळात कुणी गाडी घेतली की आधी मला फोन येत असे. असो.

सुबारू म्हणजे चारही चाकांना ताकद. बर्फात दुसरं काही बघू नये. बीआरझेड.

सुहास


प्रेषक: अपर्णा
बुधवार, सकाळी १०.१९

सुहासकाका, बीआरझेडला फक्त मागच्या चाकांना ताकद असते. त्यांच्या ताफ्यातली तेवढी एकच अशी. बर्फात दोघी सारख्याच, टायर हिवाळी असतील तर चालतात, नसतील तर उभ्या ठेवायच्या.

निखिल, माझ्याकडे साडेपाच वर्षं २०१३ ची साइऑन एफआर-एस होती. साइऑन हा टोयोटाचा ब्रँड २०१६ ला बंद झाला आणि तीच गाडी पुढे टोयोटा ८६ नावाने आली, म्हणजे तुझ्या ८६ ची मोठी बहीणच. माझंही रिकॉलचं काम झालं होतं. गाडी परत मिळाली तेव्हा इंजिनवरच्या प्लास्टिकच्या कव्हरची एक कडा उचललेली होती, दाबली की टक्कन बसायची, सोडली की परत वर. मी आठवडाभर त्या कडेकडे बघून ठरवत होते की कव्हर असं बसवणाऱ्याने आत काय केलं असेल. काही झालं नाही. विकली तेव्हा एक लाख बारा हजार झाले होते.

पण माझ्या गाडीला काही झालं नाही म्हणून तुझ्या गाडीला होणार नाही, असं मी म्हणणार नाही.

बॉनेट उघडल्यावर रातकिडे ओरडल्यासारखा आवाज आला तर घाबरू नकोस. तो हाय-प्रेशर फ्युएल पंपाचा, या गाड्यांच्या जन्मापासूनचा. घाबरायचं ते खालून, खोलातून येणाऱ्या टक-टकला.

अपर्णा


प्रेषक: सुहासकाका
बुधवार, सकाळी १०.४४

मागच्या चाकांची सुबारू म्हणजे फसवणूक आहे. कंपनीने असं करायला नको होतं.

आणि सगळे 'एटी-सिक्स' असं का वाचताय? मराठी मंडळ आहे ना? शहाऐंशी म्हणा.


प्रेषक: मंदार
बुधवार, सकाळी १०.५०

काका, एई८६ या जुन्या करोलावरून ते नाव आलंय. ए-ई-शहाऐंशी म्हटलं तर पोस्टाचा पिनकोड वाटेल.


प्रेषक: सुहासकाका
बुधवार, सकाळी ११.१५

वाटू दे.


प्रेषक: निखिल
बुधवार, दुपारी १.०३

शिल्पाताई, विषयाबद्दल माफ करा. स्पीकरचं मोजून सांगतो.

काका, मग कळायचं कसं? मालक भला माणूस आहे. सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या फाइलला, तारखेवार लावलेल्या. ८६ वाल्याने फोनवर "सगळं ओके आहे ब्रो" असं सांगितलं.


प्रेषक: बापूकाका
बुधवार, दुपारी २.३०

निखिल,

गाडी घ्यायच्या आधी इंजिन रात्रभर थंड असू दे. मालकाला सांग, तू येईपर्यंत सुरू करू नको. गेल्यावर बॉनेटला हात लावून बघ, कोमट लागलं तर तिथेच समज. थंड स्टार्टला पहिले पाच-दहा सेकंद नीट ऐक. मग अर्धा तास चालवून आण, पूर्ण तापू दे, आणि उभी करून आयडलला परत ऐक. तेल कमी पोचत असेल तर इंजिन तापल्यावर, तेल पातळ झाल्यावर बोलतं.

पण खात्री हवी असेल तर मार्ग एकच: लिफ्टवर चढवायची, तेल काढायचं, चेंबर उतरवायचं आणि जाळी डोळ्यांनी बघायची. याच गाड्यांच्या नव्या २.४ लिटरच्या पिढीचे मालकसुद्धा चेंबर उतरवून हीच जाळी बघतात, म्हणजे हा नुसता रिकॉलचा रोग नाही.

गंमत बघ. सिलिकॉन शोधायला चेंबर उघडायचं आणि ते परत बसवायला पुन्हा सिलिकॉनच लावायचं. म्हणून कुणाकडूनही उघडू नको. तरुणपणी मी एका वॉटर पंपाला 'गळू नये म्हणून' दुप्पट सिलिकॉन लावलं होतं. महिन्याभराने थर्मोस्टॅट उघडला तर त्याला हातभर लांब दोरा गुंडाळलेला. तेव्हापासून मी सिलिकॉनची ट्यूब दुसऱ्याच्या हातात देत नाही.

बापूकाका


प्रेषक: मंदार
बुधवार, दुपारी २.४१

कुठला मालक गाडी विकायच्या आधी चेंबर उघडू देईल?


प्रेषक: बापूकाका
बुधवार, दुपारी २.४४

ज्याच्या पावत्या तारखेवार लावलेल्या असतात तो. विचारायला काय जातं? खर्च निखिलने द्यायचा, तेल आणि फिल्टर नवे घालून द्यायचे. ०डब्ल्यू-२०, दुसरं नको.


प्रेषक: अपर्णा
बुधवार, दुपारी ३.२०

चेंबरच्या नादात दुसऱ्या गाडीकडे कुणी बघतच नाहीये. मंदार, खाली बसवलेली गाडी आणि तिसरा मालक, हे तुला चालतं? तिच्यात रिकॉल नाही, पण ती कशी चालवली गेली त्याचा कागद निघत नाही. निखिल, तिचा पत्रा चारी बाजूंनी बघ, उन्हात, तिरका. मागच्या टायरांचे वर्ष आणि मेक वेगवेगळे असतील तर विचार. क्लच सोडताना-दाबताना आवाज बदलतो का बघ. दुसरा गिअर थंड असताना दोघींचाही कुरकुरतो, तो सोडून दे. तापल्यावर कुरकुरला तर सोडू नको.

आणि हाताळणीचा फरक म्हणशील तर, मूळ स्प्रिंगांवर बीआरझेडचं पुढचं जरा कडक आणि माझ्या एफआर-एसचं मागचं. माझी ओल्या रस्त्यावर शेपूट लवकर हलवायची. मला आवडायचं, नवऱ्याला नाही. पण मूळ स्प्रिंगाच 'असतील कुठेतरी' म्हटल्यावर तिथे कसली तुलना करतोस?


प्रेषक: मंदार
बुधवार, दुपारी ३.३५

खाली बसवली म्हणजे मारहाण केली असं नाही. माझीही खाली आहे.


प्रेषक: अपर्णा
बुधवार, दुपारी ३.३६

म्हणूनच विचारलं.


प्रेषक: शिल्पाताई
गुरुवार, सकाळी ९.००

स्पीकर?


प्रेषक: निखिल
गुरुवार, रात्री १०.२०

काल संध्याकाळी ८६ बघून आलो. आधी तिचं सांगतो, कारण ते लवकर संपतं. मी पोचलो तेव्हा बॉनेट गरम होतं. "आत्ताच दुकानात जाऊन आलो" म्हणाला. डाव्या मागच्या पत्र्याचा रंग सावलीत जुळतो, उन्हात अर्धी छटा गडद. मागचे टायर दोन वेगळ्या मेकचे. चालवायला मजा आली, खोटं कशाला बोलू. मंदार, तू म्हणतोस तो गिअरिंगचा फरक खरंच कळतो. पण घरी येईपर्यंत मी त्या छटेचाच विचार करत होतो.

आज बीआरझेड. मालकाला चेंबरचं विचारलं. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "मलाही बघायचंय." उद्या त्यांच्याच नेहमीच्या गॅरेजमध्ये, शोरूममध्ये नाही. काका, येता का?


प्रेषक: बापूकाका
गुरुवार, रात्री १०.२२

माझी बॅटरी घेऊन येतो. गॅरेजवाल्यांची कधी चालत नाही.


प्रेषक: निखिल
शुक्रवार, रात्री ९.४८

चेंबर उतरवलं. जाळीवर करड्या सिलिकॉनचे दोन तुकडे होते. एक नखाच्या कातरणाएवढा, दुसरा त्याच्या निम्मा. मालकाचा चेहरा उतरला. मेकॅनिक म्हणाला, "एवढं तर असतंच." काकांनी मालकाकडेही बघितलं नाही, मेकॅनिककडेही नाही. जाळी उजेडासमोर धरून दहा मिनिटं फिरवत होते.


प्रेषक: मंदार
शुक्रवार, रात्री ९.५५

पळ.


प्रेषक: बापूकाका
शुक्रवार, रात्री १०.३०

मंदार, जाळी कशासाठी असते? तुकडे जाळीवर सापडले म्हणजे जाळीने आपलं काम केलं. बाकी सगळी जाळी मोकळी होती. ३१ हजारांत जे सुटायचं ते बहुतेक सुटलं. चेंबरच्या तळाला बोट फिरवलं, चमकणारी भुकटी नाही. बेअरिंग खात असतं तर तेलात ती दिसली असती. तेल ताजं नव्हतं, महिनाभर जुनं होतं, तेही विचारून घेतलं. मग चेंबर परत बसवून, गाडी तापवून, बाहेरचा गेज लावून तेलाचं प्रेशर बघितलं. आयडलला काटा खाली घसरला नाही.

आतल्या वाटेत आणखी काही अडकलंच नाही अशी शपथ मी घेत नाही. ती इंजिन पुरतं उघडल्याशिवाय कुणी घेऊ शकत नाही. पण मला स्वतःला घ्यायची असती तर मी हीच घेतली असती.

सिलिकॉन मी लावलं. मेकॅनिकला राग आला. त्याला इलाज नव्हता.

बापूकाका


प्रेषक: सुहासकाका
शनिवार, सकाळी ७.१५

मी पहिल्याच दिवशी बीआरझेड म्हटलं होतं.


प्रेषक: निखिल
शनिवार, संध्याकाळी ६.१०

घेतली. मालकाने फाइलसकट दिली, जुनी जाळीही एका पिशवीत घालून दिली (काकांनी नवी बसवायला लावली).

शिल्पाताई, मोजलं. मागची पाठ दुमडली की डिकीतून आत सपाट जागा मिळते, पण पाठ एकसंध आहे, अर्धी दुमडत नाही. म्हणजे स्पीकर नेला तर मागे मुलगी नाही. स्पीकर एक मावतो, आडवा, कोपरा घासून. मिक्सर पुढच्या सीटवर, पट्टा लावून. स्टँड तिरके जातात. दुसरा स्पीकर कसाही फिरवला तरी डिकीच्या तोंडातून आत जात नाही. आत जागा आहे, तोंड लहान आहे.

मंदार, मूळ स्प्रिंगांना हात लावायचा नाही.


प्रेषक: शिल्पाताई
शनिवार, संध्याकाळी ६.३१

अभिनंदन. दुसरा स्पीकर कुणाकडे?


प्रेषक: निखिल
शनिवार, संध्याकाळी ६.३३

तुमच्या गॅरेजच्या दाराशी ठेवून आलोय, ताई. बेल वाजवली होती.