मदत हवी आहे: शर्यतींच्या एक्स्चेंज ट्रेडिंगसाठी नेमका कोणता डेटा साठवावा?

नमस्कार मंडळी,

ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतींवर बेटफेअर एक्स्चेंजवर (जिथे लोक एकमेकांशीच पैजा लावतात) ट्रेडिंग करायचा विचार आहे. कोण जिंकणार यावर पैसे लावून बसायचं नाही. शर्यत सुटण्याआधीच्या दहा मिनिटांत बॅक करायचं (घोडा जिंकेल यावर पैसे लावायचे) आणि भाव दोन-तीन टिक (टिक म्हणजे भावाची सगळ्यात लहान पायरी) उतरला की ले करून (तो जिंकणार नाही अशी पैज घेऊन) मोकळं व्हायचं, एवढंच. ४.४ च्या भावाला (जिंकला तर पौंडामागे ४.४ पौंड परत) २० पौंड बॅक आणि ४.२ ला २०.९५ ले केले, तर कुठलाही घोडा आला तरी कमिशनआधी ९५ पेन्स हातात. फायदा इतका बारीक असल्यामुळे आधी डेटा जमवून कल्पना तपासायची ठरवली, आणि तिथेच अडलोय.

दर मिनिटाला प्रत्येक घोड्याचा शेवटचा भाव आणि एकूण जुळलेली रक्कम टिपणारी स्क्रिप्ट लिहिली. ती तीन महिने चालवली. शिवाय जॉकी, ट्रेनर, वजन, ड्रॉ (घोडा कितव्या स्टॉलमधून, म्हणजे सुटण्याच्या कप्प्यातून, निघणार), मैदान ओलं की कडक, मागच्या सहा धावा, जे मिळेल ते भरत गेलो. चाळीसेक रकाने झालेत, पण मला हवं ते उत्तर त्यांत सापडत नाही.

एक उदाहरण देतो. केम्प्टनची संध्याकाळची शर्यत, एका घोड्याचा भाव एका ओळीत ८ आणि पुढच्या ओळीत थेट ६. मला वाटलं कुणीतरी मोठा पैसा ओतला. दोन दिवस त्यावर नियम बसवत बसलो. मग कळलं, मधल्या मिनिटात दुसरा एक घोडा मागे घेतला होता. त्याचा रिडक्शन फॅक्टर (घोडा गळाला की बाकीच्यांचे भाव किती टक्क्यांनी कमी होतात तो आकडा) २५ टक्के, म्हणून ८ चे ६ झाले. पैसा आलाच नव्हता! माझ्या फाईलमध्ये घोडा मागे घेतल्याची नोंदच नाही.

दुसरी चूक वेळेची. मी सगळं जाहीर वेळेपासून मागे मोजलं. पण एखादा घोडा स्टॉलमध्ये शिरत नाही, एखाद्याचा नाल सैल होतो आणि शर्यत चार-चार मिनिटं लांबते. माझ्या फाईलमधली ‘सुटायला दोन मिनिटं’ काही शर्यतींत प्रत्यक्षात सहा मिनिटं आहेत.

आता सगळं नव्याने करायचंय. पुन्हा तीन महिने वाया जायला नकोत. काय ठेवू, काय सोडू? फॉर्मची माहिती लागेल का? जुना डेटा विकत घ्यावा का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद १

तुमची तळमळ समजते. मीही वर्षभर मिनिटामिनिटाचे भाव साठवले होते, ते शेवटी टाकून द्यावे लागले.

आधी फॉर्मचे रकाने काढा. शेवटच्या दहा मिनिटांत ती माहिती भावात मुरलेली असते, आणि तुमचा प्रश्न घोडा किती चांगला हा नाहीच. अंतर, हँडिकॅप (चांगल्या घोड्यावर जास्त वजन ठेवणारी शर्यत) आहे की नाही, धावणाऱ्या घोड्यांची संख्या आणि रेसकोर्स, एवढं ठेवा, म्हणजे बाजार कुठल्या जातीचा ते कळेल.

खरा प्रश्न असा आहे: मी लावलेली ऑर्डर भरली गेली असती का? समजा ४.४ वर तुमच्या पुढे ३०० पौंड उभे आहेत. जो आधी आला त्याची जुळणी आधी. ते ३०० खपल्याशिवाय किंवा पुढच्यांनी काढून घेतल्याशिवाय तुमचे २० हलत नाहीत. मिनिटाची नोंद फक्त ‘४.४ ला व्यवहार झाला’ एवढंच सांगते, आणि तुमची चाचणी खुशाल धरून चालते की तुमचंही जुळलं. त्यातून जी ऑर्डर झटकन भरते, ती बहुधा भाव तुमच्या विरुद्ध निघालेला असताना.

म्हणून स्ट्रीम एपीआयचे (बाजारातले बदल सतत पाठवत राहणारी बेटफेअरची जोडणी) संदेश जसेच्या तसे साठवा: पूर्ण लॅडर (कुठल्या भावावर किती पैसे जुळायची वाट पाहतायत ती यादी) आणि प्रत्येक भावावर जुळलेली रक्कम. ही जुळलेली रक्कम बॅक आणि ले दोन्ही बाजू धरून येते, म्हणजे ३०० खपले की आकडा ६०० ने वाढतो. मी हे विसरलो होतो आणि माझ्या ऑर्डरी कागदावर दुप्पट वेगाने भरत होत्या. सरासरी, टक्के वगैरे काहीही साठवताना काढू नका. ते नंतर कधीही काढता येतं, टाकून दिलेला संदेश परत येत नाही. हालचाल टिकमध्ये मोजा. ४.४ ते ४.२ हे दोन टिक, पण ३.८ ते ३.६ हे चार.

तुमच्या दोन्ही चुकांवरचा इलाज मार्केट डेफिनिशनमध्ये (त्याच स्ट्रीममध्ये येणारी त्या बाजाराची माहिती) आहे. घोडा कधी मागे घेतला, त्याचा फॅक्टर किती, बाजार इन-प्ले (म्हणजे शर्यत सुटून चालू) कधी झाला, सगळं त्यात येतं. इन-प्ले झाल्याचा क्षण शून्य धरा आणि तिथून मागे मोजा. संदेशावरची वेळ आणि तुमच्या मशीनवर तो पोचल्याची वेळ, दोन्ही लिहा.

बेटफेअरच्या जुन्या डेटाचे तीन प्रकार आहेत: फुकटचा बेसिक मिनिटाचा असतो आणि त्यात रक्कम नसते, तो तुमच्या कामाचा नाही. ॲडव्हान्स्ड सेकंदाचा असतो, प्रो ५० मिलिसेकंदांचा. प्रोचा एकच महिना घ्या. त्याची मांडणी स्ट्रीमसारखीच असते, त्यामुळे तुमचा वाचणारा कोड आजच तपासता येईल.

मूळ धागाकर्ता

मनापासून आभार. रक्कम दुप्पट दिसते हे मला माहीतच नव्हतं. एकच शंका: शर्यत सुटली की नोंद थांबवू का? जागा वाचेल.

प्रतिसाद १

थांबवू नका. बाजार बंद होईपर्यंत चालू ठेवा, विजेता आणि बीएसपी (शर्यत सुटताना ठरणारा बेटफेअरचा अधिकृत भाव) त्याच फाईलमध्ये येतात. फक्त इन-प्लेमध्ये ऑर्डर मुद्दाम उशिराने स्वीकारली जाते, म्हणून तो भाग चाचणीत वेगळा ठेवा. आणि खरे पैसे लावायला लागाल तेव्हा स्वतःच्या प्रत्येक ऑर्डरची नोंद ठेवा: कधी पाठवली, पुढे किती रक्कम होती, कधी जुळली. तुमची चाचणी खरी की खोटी, ते त्या फाईलवरूनच कळेल.