पोरं पहिली लिंक उघडतात आणि तीच छापतात, काय करू?

खडूवाली: आठवीला ‘झोप’ या विषयावर प्रोजेक्ट दिला होता. निम्म्या वर्गाने लिहून आणलंय की शांत झोपेसाठी सगळ्यात महत्त्वाची असते ती चांगली गादी 😑 बघते तर साइट गाद्या विकणाऱ्यांची! वर बारीक अक्षरात ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेलं, कुणाच्या नजरेत आलं नाही. एकाने तर स्रोत म्हणून ‘गूगल’ लिहिलंय. आणि मी चेकलिस्ट दिली होती हो, लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, स्पेलिंग नीट आहे का वगैरे, पोरांनी सगळीकडे टिक मारून आणली. आता काय करू?

जुना_मास्तर: चेकलिस्टने हेच होतं ताई. गादीवाल्यांकडे पण लेखक आणि तारीख असतेच की. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची साइट दाखवा त्यांना, 1998 पासून आहे, फोटोबिटो, त्याला वाचवायची मोहीम, सगळं खोटं. अमेरिकेत सातवीच्या पोरांना दाखवली होती तर जवळपास सगळ्यांनी खरी मानली.

टॅबवाला: ऑक्टोपसने हशा होतो, पण पुढच्या वेळी काय करायचं ते नाही ना कळत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी इतिहासाचे प्राध्यापक, स्टॅनफर्डचेच विद्यार्थी आणि फॅक्ट चेकर (माहिती खरी-खोटी तपासणं हेच ज्यांचं काम) अशा 45 जणांना साइट तपासायला दिल्या होत्या. त्यात बालरोगतज्ज्ञांच्या जवळपास सारख्याच नावाच्या दोन संस्था, एक जुनी नि हजारो डॉक्टरांची, दुसरी तिच्यातून फुटलेला छोटा गट. प्राध्यापक नि पोरं तेच पान खालीवर वाचत बसली, लोगो बघून भुलली. फॅक्ट चेकर मात्र लगेच दुसऱ्या टॅबमध्ये गेले, ही संस्था कोण, बाकीचे हिच्याबद्दल काय म्हणतात ते बघायला. एवढंच शिकवायचं, पान वाचायच्या आधी पानाबाहेर जा. डॉट ऑर्ग बघून तर अजिबात विश्वास ठेवायला लावू नका, ते कुणीही घेऊ शकतं.

रात्रपाळी: +1. आणि सर्च करताना शब्द काय टाकले तेही विचारा. ‘गादीचे फायदे’ टाकलं तर फायदेच येणार ना, ‘गादी बदलल्याने झोप सुधारते का’ टाकून बघू देत. अजून एक, मराठीत शोधलं की पाच साइटवर तोच मजकूर असतो आणि पोरांना वाटतं पाच पुरावे मिळाले. एक अख्खं वाक्य उचलून अवतरणचिन्हात टाकून सर्च करायला लावा. मी आमच्यात केलं तर ‘निद्रनाश’ असं चुकलेलं स्पेलिंगसुद्धा सगळीकडे तसंच, एकाने लिहिलं नि बाकीच्यांनी ढापलं.

खडूवाली: आज केलं. पहिला तास वायाच गेला, एका कॉम्प्युटरवर तीन पोरं आणि माउस कुणाच्या हातात यावरून भांडणं. पण एकीने गादीवाल्यांचं नाव दुसऱ्या टॅबमध्ये टाकलं तर खाली सगळ्या तक्रारी, गादी सहा महिन्यांत बसली म्हणून 😂 पहिल्यांदाच वर्गात कुणी न सांगता दुसरा टॅब उघडला. आता जुन्या प्रोजेक्टला मार्क द्यायचे की परत लिहून घ्यायचे?

जुना_मास्तर: परत लिहून घ्या. तीच वही, समोरच्या पानावर.