क्रिएटिव्ह डिले प्लगिन: परीक्षा नेमकी कशाची घ्यायची?

षड्ज
आठवडाभर एका क्रिएटिव्ह डिलेचं (आवाजाचे प्रतिध्वनी काढणाऱ्या प्लगिनचं) ट्रायल व्हर्जन वापरतोय. रिव्हर्स, ग्रॅन्युलर, पिच, सगळं एकाच खिडकीत. पहिल्या दिवशी भारावलो होतो. मग प्रीसेट बाजूला ठेवून एकच रिमशॉट (ड्रमच्या कडेचा ठोका) सोडला: १०० बीपीएम (मिनिटाला ठोके), डॉटेड एट्थ (पाऊण ठोका) म्हणजे ४५० मिलिसेकंद, फीडबॅक (परत आत सोडला जाणारा प्रतिध्वनी) ७० टक्के. आणि सातव्या प्रतिध्वनीपर्यंत कान लावून बसलो. प्रत्येक प्रतिध्वनी पहिल्याचीच झेरॉक्स, फक्त आवाज कमी. फिल्टर लावला तरी तेच.

कारण फिल्टर आणि पिच शिफ्टर (सूर वर-खाली करणारा) दोन्ही फीडबॅक लूपच्या बाहेर, शेवटी जोडलेत. सप्तक वर केलं की सगळे प्रतिध्वनी सरसकट एक सप्तक वर. शिफ्टर लूपच्या आत असता तर दुसरा दोन सप्तकं, तिसरा तीन सप्तकं वर चढला असता. हे असलं तर डॉमधल्या (रेकॉर्डिंग-मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या) साध्या डिलेनंतर पिच शिफ्टर लावूनही होतं. माझं मत: घेऊ नका.

कोमलगंधार
अजिबात पटलं नाही. ७० टक्के फीडबॅकला दर फेरीत साधारण ३ डेसिबल उतरतात. म्हणजे तुमचा सातवा प्रतिध्वनी पहिल्यापेक्षा १८-१९ डेसिबल खाली. ड्रम आणि बास चालू असताना तो ऐकणार कोण? आणि सप्तकांची ती चढण पॅडवर शोभते. गळ्यावर चौथ्या फेरीतच नुसती किरकिर उरते.

मी याच प्लगिनचं डकिंग बघितलं. ओळ सुरू असताना डिले दबून राहतो, गाणारी श्वासाला थांबली की अलगद वर येतो. शब्द एकही बुजत नाही. हेच मला आधी ऑटोमेशनने (सेटिंगचे बदल आखून ठेवून) ओळ-ओळ करून घ्यावं लागायचं. रोज मिक्स करणाऱ्याला ही सोय मोठी आहे.

षड्ज
डकिंग चांगलं आहे, मान्य. पण ते साध्या डिलेवर साइडचेन कॉम्प्रेसर (दुसऱ्या आवाजाच्या इशाऱ्यावर आवाज दाबणारा) लावूनही मिळतं. आणि ड्रम कायम चालू नसतात ना! अंतऱ्याची शेवटची ओळ, सगळी वाद्यं थांबलेली, तिथे प्रतिध्वनींची शेपटीच ऐकू येते. १९७४ च्या रोलंड स्पेस इको या टेप-डिले यंत्राचं आजही नाव निघतं ते यासाठीच. तिथे प्रत्येक फेरीत आवाज पुन्हा टेपवर उमटतो, थोडा ट्रेबल झडतो, थोडा डळमळतो. प्रतिध्वनी नुसता बारीक होत नाही, दूर जातो. किंग टबीसारख्या डब (जमैकातलं रेगे रीमिक्स) इंजिनियरांनी इको हेच वाद्य केलं. ‘क्रिएटिव्ह’ म्हणवणाऱ्याकडून मी एवढी अपेक्षा ठेवणारच.

चारमात्रा
दोघांनीही टाइमचा (प्रतिध्वनींतल्या अंतराचा) नॉब हलवून पाहिलेला दिसत नाही. प्रतिध्वनी चालू असताना ५०० वरून २५० मिलिसेकंदांवर ओढा. टेपसारखा असेल तर सूर वर घसरत जाईल, क्रॉसफेड (जुना विरत नवा येणारा) असेल तर सूर न बदलता गुपचूप नव्या जागी बसेल. दोन्ही चालतात. टिकटिक आली तर मात्र ऑटोमेशन विसरा.

अजून एक. तुलना सेंडवर (आवाजाची प्रत वेगळ्या ट्रॅकला पाठवून) करा, वेट (प्रतिध्वनींचं प्रमाण) १०० टक्के ठेवून आणि लेव्हल जुळवून. इन्सर्टवर (थेट त्याच ट्रॅकवर) बहुतेक प्रीसेट आवाज वाढवतात, आणि मोठा आवाज कानाला उगाच चांगला वाटतो. लूपच हवा असेल तर एबलटन लाइव्ह या डॉमध्ये रिटर्न ट्रॅकचा (सेंड जिथे पोचतो त्या ट्रॅकचा) सेंड त्याच ट्रॅकला परत देता येतो, तो आधी एनेबल करावा लागतो. मग हवा तो पिच शिफ्टर आत टाका. पण शेवटी लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारा) लावाच, आवाज कधी हाताबाहेर जाईल सांगता येत नाही.

कोमलगंधार
आत्ताच ओढून पाहिलं. टिकटिक येते, हेडफोनवर स्पष्ट. हा दोष आहेच आणि मला आधी कळायला हवा होता. पण गाण्याच्या मध्ये मी टाइम कधी हलवत नाही, डकिंग रोज वापरते. मी घेणार.

षड्ज
मग टाइम हलवणाऱ्यांसाठी तुमच्या रिव्ह्यूत ती टिकटिक पहिल्या ओळीत लिहा. मी रिटर्न ट्रॅकचा लूप जोडायला बसतोय.