चाळीस किलोचा कुत्रा आणि टिक्-टॅक डबी: शिकवणं की लाडावणं?

मुळामुठा (धागाकर्ती):

आमच्या सोसायटीत मोठ्या जातीचे कुत्रे पाळणारी चार घरं आहेत. शिकवायला येणारे ट्रेनर घरागणिक वेगळे, पण हत्यार सगळ्यांचं एकच, चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी. कारणही ठरलेलं: 'पॉमेरेनियनला खाऊ देऊन शिकवा हो, रॉटवायलरला धाकच लागतो.' मला हे साफ उलटं वाटतं, म्हणून हा धागा. पॉमेरेनियनला ओढून नेता येतं, अगदीच नाही तर काखेत मारून घरी आणता येतं. चाळीस-पंचेचाळीस किलोच्या कुत्र्यापुढे ताकदीचा डाव मांडला की आपण हरणारच. तो आपल्याला हरवू शकतो हे त्याला कळायच्या आत दुसरा डाव शिकवावा, एवढंच माझं म्हणणं.

माहीत नसलेल्यांसाठी: क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लास्टिकची डबी, आत लवचिक पत्र्याची पट्टी. दाबली की 'टिक्-टॅक'. सुरुवातीला कुत्र्याला काहीच करायला सांगायचं नाही. टिक, खाऊ. टिक, खाऊ. आवाज आल्याबरोबर तो हाताकडे बघायला लागला की डबीला अर्थ आला. मग हवं ते घडलं त्याच क्षणी टिक करायचं. चालताना पट्टा सैल पडला, टिक, आणि खाऊ आपल्या मांडीशी द्यायचा, म्हणजे त्याला तिथेच राहावंसं वाटतं. पट्टा ताणला की आपण जागच्या जागी थांबायचं. ओरडायचं नाही, हिसका द्यायचा नाही, पण एक पाऊल पुढेही टाकायचं नाही. पाहुण्यांवर उडी मारणाऱ्याला चारही पाय जमिनीवर असताना टिक. आणि चुकून डबी दाबली गेली तरी खाऊ द्यायचाच, नाहीतर तिची पत जाते.

ही पद्धत कुणी लाडापोटी काढलेली नाही. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत यावर चक्क व्यवसाय उभारला. पुढे १९६० च्या दशकात हवाईमध्ये कॅरेन प्रायर डॉल्फिनना शिट्टीवर शिकवत होत्या. डॉल्फिनला चोक चेन घालता येत नाही. तो रुसला की तळ्याच्या दुसऱ्या टोकाला जातो, बसा तुम्ही काठावर मासळीची बादली घेऊन! प्राणिसंग्रहालयातले हत्ती आज जाळीतून पाय पुढे करतात आणि नखं कापून घेतात, तेही याच तत्त्वावर. हत्तीला जे चालतं ते रॉटवायलरला चालत नाही हे मला कुणीतरी समजावून सांगा.

आमची राणी रॉटवायलर आहे आणि अशीच शिकते आहे. विरोधी मतं जरूर द्या, 'कुत्रा तो कुत्राच' छाप नकोत.

नाना_डोंबिवली:

ताई, लिहिलंय छान. पण आमच्या लिफ्टमध्ये डॉल्फिन येत नाहीत.

आमच्या मजल्यावर एक जर्मन शेफर्ड आहे. मालकीणबाई खिशात चिकन घेऊन फिरतात. लिफ्टचं दार उघडलं, समोर शाळेतून आलेली मुलं, आणि हा सुटला. बाईंनी 'राजा, इकडे बघ' करत पुडी उघडेपर्यंत त्याचे पुढचे दोन पाय एका मुलाच्या छातीवर. चावला नाही, मान्य. पण ते मूल तेव्हापासून जिन्याने येतं. तुमची पद्धत तीन महिन्यांनी फळ देत असेल, शेजाऱ्याला सुरक्षितता आज हवी असते. एका हिसक्यात काम होत असेल तर हिसका का नको? आम्हीही लहानपणी फटके खाऊनच मोठे झालो. आणि केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं, त्यात तुमचा रॉटवायलर होता. तो काय उगाच?

मुळामुठा:

नाना, ते पत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, संबंधितांशी सल्लामसलत केली नाही म्हणून. त्यामुळे जाती निर्दोष ठरल्या असं मी म्हणणार नाही. पण पत्रकाचा दाखलाही फार ताणू नका.

त्या बाई करतात ते शिकवणं नव्हेच. कुत्रा सुटल्यावर पुडी दाखवणं ही लाच झाली. दार उघडताना खाली बसायचं, हे त्याला आधी घरच्या दारात शिकवायचं, मग मोकळ्या लिफ्टपाशी, मग एक ओळखीचा माणूस उभा करून. मुलांची गर्दी ही शेवटची इयत्ता. पहिलीतल्या पोराला दहावीचा पेपर दिला आणि नापास झालं म्हणून शाळा वाईट ठरवली, असं चाललंय.

तर्कटी:

मी दोघांच्याही विरोधात. मारझोड नकोच, पण या डबीचं कौतुकही अती होतंय.

२००८ मध्ये बसेंजी जातीच्या कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एका गटाला क्लिकर आणि खाऊ, दुसऱ्याला नुसता खाऊ. क्लिकरवाले लवकर शिकले नाहीत. खाऊ बंद केल्यावर शिकलेलं जरा जास्त टिकवून धरलं, इतकंच. २०१६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी क्लिकर, तोंडी शब्द आणि नुसतं बक्षीस अशी तुलना केली. तिन्ही गट सारखेच. मग 'शाब्बास' म्हणायला काय पैसे पडतात?

आणि मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत अगदी व्यवहाराचा प्रश्न. चाळीस किलोचं धूड पट्ट्याला बांधलंय, मांजर आडवं गेलं तर दोन्ही हात पट्ट्यावर हवेत. डबी कुठल्या हातात? खाऊ कुठल्या? तिसरा हात फुटेपर्यंत थांबायचं का?

मुळामुठा:

हाताचा मुद्दा बिनतोड. रस्त्यावर मी स्वतः डबी नेत नाही. तिथे 'येस' हा एकच शब्द, पट्टा दोन्ही हातांत, खाऊ कमरेच्या पाऊचमध्ये.

पण घरात नवीन काही शिकवताना डबी मला हवीच. माझा आवाज सकाळी वेगळा, ऑफिसातून दमून आल्यावर वेगळा. सासूबाईंचा आणखी वेगळा. डबीचा आवाज सगळ्यांच्या हातात एकच. प्रयोगातले लोक सराईत असतात, ऐन वेळी 'शाब्बास' म्हणतात. आमच्या घरात 'शाब्बास गं माझी बाय ती' संपेपर्यंत बसलेली राणी उठून उभी राहिलेली असते!

साधी_चपाती:

मध्येच विचारते. आमच्याकडे अंडंही चालत नाही. लॅब्रॅडॉर आहे. खाऊ काय द्यायचा?

पशुवैद्य_नाशिक:

@साधी_चपाती, पनीर, उकडलेलं रताळं, गाजर, सफरचंद (बिया काढून). मटारच्या दाण्याएवढा तुकडा, त्याहून मोठा नको. द्राक्षं, मनुका, कांदा, चॉकलेट अजिबात नको. प्रसादाच्या शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. आणि हा सगळा खाऊ दिवसाच्या जेवणातून वजा करायचा. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत हे कळकळीने सांगतो, कारण साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये भूक आवरणाऱ्या एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हे दाखवलं. त्याचं पोट भरलंय असं त्याला वाटतच नाही. शिकवायला सोपा, आणि जाड व्हायलाही.

आता मूळ विषय. नाना, हिसक्याबद्दल मी दवाखान्यात जे बघतो ते सांगतो. गळ्यावर जोर आला की खोकला, श्वासनलिकेला इजा, डोळ्यांतला दाबही वाढतो. ही झाली शरीराची बाजू. दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. कुत्र्याला समोर मूल दिसलं आणि त्याच क्षणी गळ्यात कळ आली. 'मी ओढलं म्हणून दुखलं' असा हिशेब तो करेलच असं नाही. 'मूल आलं की दुखतं' हा हिशेब त्याला जास्त सोपा. असं पुन्हा पुन्हा झालं की तो मुलं दिसताच गुरगुरतो. गुरगुरला म्हणून पुन्हा हिसका. शेवटी तो गुरगुरणं सोडतो, मालक खूश होतात, आणि एके दिवशी काही इशारा न देता दात लागतात. गुरगुर ही धोक्याची घंटा आहे, ती काढून टाकू नका.

पोर्तुगालमध्ये ९२ पाळीव कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये आला. शिक्षा करणाऱ्या प्रशिक्षण शाळांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त आणि प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं. वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये सरळ भूमिका घेतली, सगळ्या कुत्र्यांना बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं. आकाराची सवलत त्यात नाही.

आणखी एक, फक्त मोठ्या कुत्र्यांसाठी. शेफर्ड, रॉटवायलर, लॅब यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष बराच आढळतो. 'बैस' म्हटल्यावर बसत नाही, तिरका बसतो, लगेच उठतो, तर तो हट्टी आहे असं ठरवण्याआधी एक्स-रे काढा.

रामभाऊ_सोलापूर:

तुम्ही शहरातली मंडळी लिफ्टचं बोलताय. आमच्याकडे कारवानी कुत्रा आहे, शेतावर. घरात सगळं ऐकतो, खुणेवर बसतो, कालवडीला त्रास देत नाही. पण बांधावरून ससा उठला की संपलं. चिकनची टोपली समोर ओतली तरी वळून बघायचा नाही. या जातीला पिढ्यान्‌पिढ्या नजरेवर धावायलाच जोपासलं. तिथं तुमची टिकटिक काय करणार? (शिकार करत नाही, कायदा ठाऊक आहे. पण तो धावला तर रस्ता ओलांडून धावतो, आणि रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर.)

मुळामुठा:

रामभाऊ, त्याला चिकन हे बक्षीस वाटतच नाही, धावणं वाटतं. मग बक्षीसही धावणंच ठेवायचं. लांब दोरी, दोरीच्या टोकाला चिंधी बांधलेली काठी. हाकेला वळून बघितलं की टिक, आणि चिंधीमागे पळायची मुभा. हळूहळू हाक म्हणजे पळापळीची सुरुवात असं त्याच्या डोक्यात बसतं. तरीही खरा ससा उठल्यावर थांबेल अशी हमी मी देणार नाही. रस्त्याच्या बाजूला दोरी सोडू नका.

रामभाऊ_सोलापूर:

चिंधीचं करून बघतो. पण मग हमी दोरीचीच झाली, डबीची नाही.

माजी_हँडलर:

नोकरीभर श्वान पथकात होतो, म्हणून लिहितो. १९९३ च्या स्फोटांनंतर मुंबईत झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने ढिगाने आरडीएक्स शोधून दिलं. लोक मला विचारतात, मारून शिकवता का? मारून वास शोधायला लावता येत नाही. स्फोटक सापडलं की चेंडू, आमच्याकडे हेच चालायचं. चेंडूसाठी कुत्रा उन्हात तास तास राबतो. तुमच्या डबीमागचं तत्त्व आम्ही डबीशिवाय वापरलं.

पण धागाकर्तीचं सगळं पटत नाही. माणूस पकडायला शिकणाऱ्या कुत्र्याने सरावातली जाड बाही धरली आणि 'सोड' म्हटलं की सोडलीच पाहिजे, पहिल्या हुकुमाला. तिथे नुसत्या बक्षिसावर भागलेलं मी तरी पाहिलं नाही. 'हे चालणार नाही' हे कुत्र्याला कधी ना कधी कळावं लागतं. तुम्ही लोक 'नाही' हा शब्दच पुसायला निघालात.

मुळामुठा:

काका, मी पट्टा ताणल्यावर थांबते तेव्हा 'नाही'च म्हणत असते. हवं ते मिळत नाही, ही त्याला शिक्षाच आहे. फक्त दुखत नाही. आणि तुमच्या कुत्र्यांबरोबर सबंध दिवस एकच जाणता माणूस असायचा. इथे अर्धा तास येणारा ट्रेनर चोक चेन मालकाच्या हातात देऊन जातो, आणि उरलेले साडेतेवीस तास अंदाजपंचे हिसके.

माजी_हँडलर:

ते मान्य. हिसक्याची वेळ अर्ध्या सेकंदाने चुकली तरी कुत्रा भलतंच शिकतो. टिक चुकली तर एक तुकडा पनीर वाया. घरच्या माणसाला चोक चेन मीही देणार नाही. पण पद्धत म्हणून ती निकालात काढायला माझा विरोध कायम.

नाना_डोंबिवली:

सगळे विद्वान बोलले. माझा प्रश्न तसाच आहे. उद्या सकाळी सात वाजता त्या बाईंनी त्या शेफर्डला खाली कसं न्यायचं?

मुळामुठा:

उद्या सकाळी शिकवायचंच नाही, फक्त सांभाळायचं. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, घाला. कुत्रा ओढायला लागला की त्याचं तोंड आपल्याकडे वळतं, जोर कमी पडतो. ज्याला तो आवरत नाही त्याने त्याला बाहेर नेऊच नये, घरातल्या दणकट माणसाने न्यावं. लिफ्टमध्ये कुणी असेल तर ती सोडून द्यायची. आत गेल्यावर कुत्रा मागच्या कोपऱ्यात, आपण दार आणि कुत्रा यांच्या मध्ये. शिकवणी संध्याकाळी, घरात.

तर्कटी:

म्हणजे लिफ्टमध्ये डबी नाही, रस्त्यावर डबी नाही, सशापुढे डबी नाही. नोंद घेतली आहे.

मुळामुठा:

घ्या. संध्याकाळच्या शिकवणीत आहे, तेही लिहा.

नाना_डोंबिवली:

हार्नेसचं पटलं. बाईंना सांगतो, तुमचं नाव घेऊन, माझं त्या ऐकत नाहीत. मात्र कमिटीच्या बैठकीत मोठ्या कुत्र्यांना लिफ्टबंदीचा ठराव मी मांडणारच.

मुळामुठा:

मांडण्याआधी भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना वाचा. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, असं त्यात आहे. शाळेच्या वेळा टाळा, अशी विनंती ठरावात घाला. आमच्याकडे असा ठराव आला तर पहिली सही माझी.