सीआरटी की साधा पेसमेकर?

प्रश्न: ईएफ (दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा त्यातलं किती रक्त बाहेर ढकलतो) २८ टक्के, ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विद्युत संदेशात अडथळा), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत तो संदेश पसरायला लागणारा वेळ) १६० मिलिसेकंद. डॉक्टरांनी सीआरटी (दोन्ही खालचे कप्पे एकत्र चालवणारा पेसमेकर) सुचवलंय. साध्या पेसमेकरने भागणार नाही का? रोज ठाणे ते दादर लोकलचा प्रवास आहे.

उत्तर: नाही भागणार. साधा पेसमेकर खालच्या उजव्या कप्प्याला ठोका देतो आणि इथे डावाच मागे पडतोय. सीआरटीची तिसरी तार कोरोनरी सायनसमधून (हृदयाची मोठी शीर) डाव्या कप्प्यावरच्या शिरेत बसवतात, म्हणजे दोन्ही कप्पे एकदम आकुंचन पावतात. आधी किमान ३ महिने औषधं योग्य डोसमध्ये झालीत ना, ते विचारा.

उत्तर: मशीन बसवल्यावर तपासणीला गेलात की बायव्हेंट्रिक्युलर पेसिंगचा (मशीनने दोन्ही खालच्या कप्प्यांना दिलेल्या ठोक्यांचा) टक्का विचाराच. ९८च्या वर हवा. एएफ (वरच्या कप्प्यांची अनियमित धडधड) किंवा जादा ठोक्यांमुळे तो घसरतो, मग मशीन असूनही दम लागतो. उचकीसारखं पोट उडत असेल तर तारेमुळे फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटल हलवणारी नस) चेतवली जातेय. बहुतेकदा प्रोग्रामिंग बदललं की थांबतं.

उत्तर: लोकलचं सांगतो. पहिले ४ ते ६ आठवडे मशीन बसवलंय त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे डब्यातली कडी त्या हाताने धरायची नाही. तार सरकते. मोबाइल मशीनपासून १५ सेंटिमीटर लांब, शर्टाच्या खिशात नको. आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करू नका, कृपा करून.