सहा वर्षांच्या मुलीला जिम्नॅस्टिक्सला घालावं का? माझं मत : घालावंच

समा रोडची आई :
आमच्या बडोद्याच्या घरी सध्या हाच विषय चाललाय. लेक जूनमध्ये पहिलीत जाईल. मला तिला जिम्नॅस्टिक्सला घालायचंय. नवऱ्याला स्विमिंग पुरेसं वाटतं आणि सासूबाई म्हणतात, हातपाय मोडून घ्यायला पैसे कशाला भरायचे? माझी बाजू मांडते. पटली नाही तर खोडून काढा.

मला मेडल नकोय. आमच्या सोसायटीतली मुलं कुठे चढत नाहीत, लोंबकळत नाहीत, कोलांट्या मारत नाहीत. पार्किंगमध्ये सायकल आणि घरी मोबाइल, संपलं. पोहणं उत्तमच आहे, पण पाण्यात अंगाचा भार पाणी उचलतं. जिम्नॅस्टिक्समध्ये मूल स्वतःचा भार स्वतःच्या हातांवर पेलतं आणि त्याने हाडं बळकट होतात. शिवाय चांगल्या क्लासमध्ये आधी पडायला शिकवतात : हनुवटी छातीला, पाठ गोल, हात ताठ न टेकता लोळायचं. ज्या पोरीला पडता येतं ती शाळेच्या जिन्यावरही सावरते. पहिलं वर्ष फॉरवर्ड रोल (पुढे कोलांटी), कार्टव्हील (हात टेकून चाकासारखी बाजूला कोलांटी) आणि भिंतीला पाय लावून हँडस्टँड यातच जातं. स्पर्धेतला बीम, म्हणजे तोल सांभाळत चालायची पट्टी, सव्वा मीटर उंच आणि फक्त 10 सेंटिमीटर रुंद असतो हे ऐकून घरचे घाबरले, पण लहान मुलं जमिनीलगतच्या बीमवर चालतात.

आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिने सहाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते. 2016 ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून मारायची उडी) ती चौथी आली, कांस्य अवघ्या 0.150 गुणाने हुकलं. माझी लेक तिथे जावी असं मी म्हणत नाही. शरीर घडवता येतं, एवढं मला त्यातून दिसतं.

मांजलपूरचे बाबा :
ताई, माझा स्पष्ट विरोध. दीपाचं नाव घेतलंत तर पुढचंही सांगा. रिओनंतर तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. मोठ्यांचं राहू द्या, आपल्या गल्लीबोळातले क्लास बघा. दुकानाच्या गाळ्यात टाइल्सवर पातळ मॅट पसरतात, वीस-पंचवीस पोरं आणि एक सर. सहाव्या महिन्यात वार्षिक कार्यक्रम आणि त्यासाठी घाईघाईत बॅकफ्लिप (हवेत मागे कोलांटी), कारण पालकांना व्हिडिओ हवा असतो. मूल मानेवर पडलं तर?

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. या खेळात कोचला मुलाच्या अंगाला हात लावावाच लागतो, आधार दिल्याशिवाय उडी शिकवता येत नाही. अमेरिकेत त्यांच्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षं मुलींचं शोषण केलं, 2018 मध्ये त्याला शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये 2022 च्या चौकशी अहवालात वजनावरून टोमणे, दुखत असताना करून घेतलेला सराव, हे सगळं पुढे आलं. एवढी मोठी व्यवस्था असलेल्या देशांत हे घडलं. आपल्याकडे क्लास उघडायला काय लागतं? भाड्याची जागा आणि एक बोर्ड. माझ्या मुलाला मी मैदानावर पळायला पाठवतो. तिथे सगळं उघड्यावर असतं.

फिजिओ, अलकापुरी :
रोज मुलांचे सांधे बघते, म्हणून लिहिते. आधी उंचीचं, कारण सासूबाई आज ना उद्या ते काढतीलच. जिम्नॅस्टिक्सने उंची खुंटते याला पुरावा नाही. बुटक्या मुलांना हवेत गिरकी घेणं सोपं जातं, म्हणून तीच खेळात टिकतात आणि टीव्हीवर दिसतात. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स 142 सेंटिमीटरची आहे ती खेळामुळे नाही.

खरी काळजी मनगटाची. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो. हातांवर सारखा भार आला की मनगटापाशी तो दुखावतो. मूल 'मनगट दुखतंय' म्हणालं तर क्रेप बँडेज गुंडाळून पुन्हा मॅटवर पाठवू नका, सराव थांबवा. दुसरं म्हणजे स्प्लिट, पाय पूर्ण फाकवून जमिनीवर बसणं. रडणाऱ्या मुलाच्या मांड्यांवर वरून दाब देणारा कोच दिसला तर त्याच दिवशी मुलाला घरी आणा. लवचीकता हळूहळू येते, दाबून आणली तर स्नायू फाटतो. आणि तास मोजा. खेळाचे आठवड्याचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त नसावेत, एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी हवी. सहा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोनदा एकेक तास भरपूर झाला. एवढ्यावर माझा पाठिंबा आहे.

दांडिया बाजारचे आजोबा :
बडोद्यात राहून तुम्हा मंडळींना मल्लखांब आठवू नये याचं मला वाईट वाटतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. आपल्या गावात जुम्मादादा आणि प्रोफेसर माणिकराव यांचा आखाडा आहे, गायकवाडांच्या राज्यात तो नावारूपाला आला. 2022 च्या राष्ट्रीय स्पर्धा गुजरातेत झाल्या तेव्हा मल्लखांब त्यात पहिल्यांदाच आला आणि बडोद्याच्याच दहा वर्षांच्या पोराने कांस्य आणलं. जिम्नॅस्टिक्समधलं काय नाही यात? पकड आहे, तोल आहे, उलटं होणं आहे, शिवाय पोटाची आणि मांडीची ताकद. मुलींसाठी दोरीचा मल्लखांब आहे. खर्च थोडा : एक खांब, एरंडेल तेल आणि शिकवणारा. आखाड्यात वस्ताद सगळ्यांच्या डोळ्यांसमोर शिकवतो, त्यामुळे मांजलपूरच्या बाबांची शंकाही तिथे उरत नाही.

समा रोडची आई :
आजोबा, मल्लखांबाबद्दल आदर आहेच आणि लेकीला आखाडा दाखवायला नक्की आणीन. पण सहाव्या वर्षी खांबावर चढण्याआधी तिला जमिनीवर लोळायला आणि नीट उतरायला यावं असं मला वाटतं. उडी मारून पाय टेकताना गुडघे कसे वाकवायचे, हे मॅटवर शिकवतात तसं दुसरीकडे शिकवत नाहीत. आणि 2022 च्या त्याच राष्ट्रीय स्पर्धांतल्या जिम्नॅस्टिक्सच्या लढती आपल्या समाच्या क्रीडा संकुलातच झाल्या होत्या, तेव्हा हा खेळही आता गावाला परका नाही.

मांजलपूरच्या दादा, गाळ्यातल्या क्लासबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. पण उघडं मैदान म्हणजे सुरक्षित, हे मला मान्य नाही. वाईट माणूस क्रिकेटच्या नेटवरही असतो आणि ट्यूशनलाही. म्हणून खेळ सोडायचा का? कुठल्या अंगाला हात लागणं चालतं आणि कुठे नाही, हे लेकीला घरी शिकवलंय. नको वाटलं तर मोठ्याने ओरडायचं, हेही. मैदानावर पाठवलं तरी हे शिकवावंच लागणार. फिजिओताई, तासांचा हिशोब नवऱ्याला वाचून दाखवला, तो अर्धा तयार झालाय. शनिवारी ट्रायल आहे. फक्त एक अडचण : पालक असले की मुलं रडतात, म्हणून पहिला महिना पालकांना बाहेर बसवतात असं क्लासवाले म्हणाले.

मांजलपूरचे बाबा :
मग फी भरू नका. मुलं आठवडाभर रडतात आणि थांबतात, त्यासाठी महिनाभर दार बंद ठेवायचं कारण नाही. काचेची खिडकी, कोपऱ्यात बाक, काहीही चालेल, पण आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे. शनिवारी तेवढंच विचारा : मी आत बसू का? 'नाही' म्हणाले तर तिथूनच दांडिया बाजारच्या आखाड्याची रिक्षा धरा. या बाबतीत मी आजोबांच्या बाजूचा.

फिजिओ, अलकापुरी :
याला माझंही अनुमोदन. आणि आत बसलात तर एका सरांकडे किती मुलं आहेत ते मोजा. या वयाला आठच्या वर गेली तर तो आधार देणार कोणाकोणाला?