पंचवीस वर्षांच्या विमानप्रवासानंतर पहिल्यांदाच बजेट एअरलाइन. पत्नीला घेऊन पुन्हा जावे का?

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी. यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीत मी पंचवीस वर्षे नोकरी केली आणि त्या काळात जर्मनी, सिंगापूर, जपान अशा फेऱ्या सतत होत असत. तिकिटे कार्यालय काढत असे आणि त्यांत जेवण, सामान, पुढचे जोडविमान असे सगळे धरलेले असे. त्यामुळे बजेट एअरलाइनशी माझी गाठ निवृत्तीनंतर, मुलीकडे लंडनला राहायला आल्यावर, गेल्या महिन्यात पहिल्यांदा पडली. लंडनजवळचा स्टॅनस्टेड विमानतळ ते इटलीत मिलानजवळचे बेर्गामो असा एकट्याचाच प्रवास होता. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही.

बोर्डिंग पास घरीच छापून घेतला होता आणि सोबत फक्त चाकांची छोटी बॅग होती, म्हणून काउंटरकडे न जाता मी सरळ सुरक्षा तपासणीला गेलो. गेटवर मात्र दोन गोष्टी एकदमच उभ्या राहिल्या. पहिली अशी, की माझा पासपोर्ट भारतीय असल्यामुळे शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांसाठी चालणारा एकच व्हिसा) काउंटरवर दाखवून पासवर शिक्का घ्यायचा होता, आणि तो मी घेतला नव्हता. दुसरी बॅगेची. लोखंडी मापाच्या चौकटीत ती अर्धी गेली आणि चाकांपाशी अडली. स्वेटर काढून अंगात घातला, मुलीने बांधून दिलेला थालीपिठांचा डबा हातात घेतला, तरी चाके काही आत जाईनात. तिकिटाच्या दुपटीहून अधिक रक्कम कार्डावरून भरली आणि व्हिसाची तपासणी होईपर्यंत सगळी रांग समोरून जाताना बाजूला उभा राहिलो.

विमान वेळेवर सुटले आणि वेळेआधी पोहोचले, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. आत बसल्यावर सवयीने चष्मा ठेवायला समोरच्या खिशाकडे हात गेला, तर तिथे खिसाच नव्हता. सुरक्षेच्या सूचना आसनाच्या पाठीवर चिकटवलेल्या होत्या.

आता पुढच्या महिन्यात पत्नी पुण्याहून येत आहे आणि तिला मिलान दाखवायचे आहे. तिचे गुडघे दुखतात, जिना चढताना कठडा धरावा लागतो. तिला अशा विमानाने नेणे योग्य होईल का? आणि या कंपन्या नेमक्या कोणत्या हिशेबाने चालतात, हे कोणी समजावून सांगेल का? नियम माहीत असता तर मी तो पाळला असता, म्हणूनच ही गोष्ट मनाला लागली आहे.

धावपट्टी_०९

मी आधी मुंबईत आणि आता युरोपातल्या एका विमानतळावर ग्राउंड हँडलिंगमध्ये, म्हणजे जमिनीवर विमानाची आणि सामानाची व्यवस्था पाहणाऱ्या विभागात काम करतो, म्हणून हिशेबाबद्दल लिहितो.

सगळा खेळ विमान जमिनीवर किती वेळ थांबते याचा आहे. अमेरिकेत साउथवेस्ट या कंपनीने १९७१ मध्ये उड्डाणे सुरू केली, तिने मुख्यतः बोइंग ७३७ या एकाच प्रकारची विमाने वापरली आणि उतरलेले विमान शक्य तितक्या लवकर पुन्हा उडवण्याची शिस्त बसवली. युरोपातल्या कंपन्यांनी हेच सूत्र आणखी ताणले. इथे विमान लागल्यापासून सुटेपर्यंत साधारण २५ ते ३० मिनिटे मिळतात. तेवढ्यात प्रवासी पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही दारांनी उतरतात, साफसफाई होते आणि नवे प्रवासी बसतात. आसनाला खिसा नसला की तो रिकामा करावा लागत नाही, आसन मागे झुकत नसले की त्याची यंत्रणा बिघडत नाही. बेर्गामोसारखा मिलान या मुख्य शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचा विमानतळ निवडण्यामागेही कमी शुल्क आणि कमी गर्दी हीच कारणे असतात.

आसनांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. दर ५० आसनांमागे एक केबिन कर्मचारी हवा असा नियम आहे. रायनएअर या युरोपातल्या बजेट कंपनीच्या ७३७-८०० विमानांमध्ये १८९ आसने आहेत आणि त्यांच्या नव्या विमानांत १९७, म्हणजे दोन्हींत चारच कर्मचारी पुरतात. २०० चा आकडा का ओलांडला नाही, ते यावरून लक्षात येईल.

बॅगेचे पैसे हा या व्यवसायाचा आधारच आहे. तिकीट म्हणजे केवळ आसन, आणि बाकी प्रत्येक गोष्टीला वेगळी किंमत. तुम्ही आयुष्यभर ज्या तिकिटावर गेलात, त्यात या साऱ्याचे पैसे कार्यालयाने आधीच भरलेले असत आणि चूक झाली तर ती निस्तरणारे माणूस काउंटरवर असे. तोच अनुभव इथे आड आला. पहिल्यांदाच विमानात बसणारा माणूस प्रत्येक ओळ वाचतो. तुम्हाला वाचण्याची गरज कधी पडलीच नव्हती.

नेकारकाठ

सहकारनगरकर काका, मी श्टुटगार्टला राहते आणि आईवडिलांना अशा विमानांनी तीनदा नेले आहे. काकूंना जरूर न्या, फक्त एक काम तिकीट काढतानाच करा.

युरोपीय संघाचा ११०७/२००६ हा नियम आहे आणि ब्रिटनमध्येही तो लागू आहे. ज्यांना चालण्याचा किंवा जिन्याचा त्रास आहे, त्यांना विमानतळावर आणि विमानात चढता-उतरताना मदत विनामूल्य मिळाली पाहिजे, मग तिकीट कितीही स्वस्त असो. त्यासाठी निदान ४८ तास आधी कळवावे लागते. कळवताना ‘चालू शकते, पण जिना चढू शकत नाही’ असे स्पष्ट सांगा, कारण या कंपन्या बऱ्याचदा एअरोब्रिज (इमारतीतून थेट विमानाच्या दारापर्यंत नेणारा बंद पूल) वापरत नाहीत. नुसती व्हीलचेअर मागितली तर ती जिन्याच्या पायथ्यापर्यंत येईल आणि पुढच्या पायऱ्या काकूंना स्वतः चढाव्या लागतील. नीट कळवले तर अँब्युलिफ्ट येते. हे उचलून नेणारे वाहन आईला विमानाच्या दाराशी घेऊन गेले, तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता; वर पोहोचल्यावर मात्र म्हणाली, “एवढी सोय असते तर आधी का नाही सांगितलंस?”

बॅग चाकांची नको, मऊ कापडाची घ्या. फुकट नेता येणाऱ्या पिशवीचे माप कंपनीगणिक बदलते. ४० × ३० × २० सेंटीमीटरमध्ये बसणारी असेल तर बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. शेजारी-शेजारी आसनांचे पैसे आधीच भरा.

आणि काकूंचे मुंबई–लंडन विमान ज्या दिवशी उतरेल, त्याच दिवशी पुढचे तिकीट काढू नका. वेगवेगळी काढलेली तिकिटे म्हणजे वेगवेगळे करार. पहिले विमान उशिरा आले तर दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही देत नाही. हीथ्रो विमानतळावरून स्टॅनस्टेडला जायचे म्हणजे सामान घेऊन अख्खे लंडन ओलांडायचे. माझ्या मावसभावाचे विमान याच कारणाने चुकले आणि नवे तिकीट त्याला स्वतःच्या खिशातून घ्यावे लागले.

गोदातीर

वरची माहिती उपयोगी आहे, पण दोष सगळा प्रवाशाच्या पदरात टाकणे मला पटत नाही. जिच्यावाचून विमानात बसता येत नाही, ती व्हिसाच्या शिक्क्याची सूचना बोर्डिंग पासवर बारीक अक्षरांत का असावी? आपल्याकडे देशांतर्गत विमानांत, अगदी स्वस्त म्हणवणाऱ्या कंपन्यांतसुद्धा, सर्वसाधारण तिकिटावर १५ किलो सामान आणि हातातले ७ किलो नेता येते. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली, तेव्हापासून आपल्याला ‘स्वस्त’ म्हणजे ‘जेवण विकत’ एवढेच ठाऊक आहे. तिथून आलेल्या माणसाला युरोपातला हा काटेकोरपणा कळणार कसा?

हक्कांचेही एक लक्षात ठेवा. कंपनीच्या आवाक्यातल्या कारणाने विमान तीन तास किंवा अधिक उशिरा पोहोचले, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला युरोपीय नियमाने २५० युरो आणि ब्रिटनच्या नियमाने २२० पौंड भरपाई मिळते. तिकीट त्याच्या दहाव्या हिश्शात काढलेले असले तरी ही रक्कम कमी होत नाही. दीर्घ खोळंब्यात जेवण आणि गरज पडल्यास रात्रीचा मुक्काम हेही कंपनीकडेच लागते, मग कारण हवामानाचे का असेना.

सहकारनगरकर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. नेकारकाठ, तुम्ही सांगितलेला फरक मला ठाऊकच नव्हता. मी नुसती व्हीलचेअर मागणार होतो. आज मुलीबरोबर बसून दोन तिकिटे काढली. पत्नी लंडनला पोहोचल्यावर पाचव्या दिवशी निघायचे ठरवले आहे आणि मदतीच्या रकान्यात जिन्याचे स्पष्ट लिहिले आहे. शेजारची आसने घेतली, चाके नसलेली पिशवी मुलीकडून मापून घेतली. या सगळ्यासकट रक्कम मोठ्या कंपनीच्या तिकिटाच्या साधारण निम्मी झाली.

गोदातीर, तुमचेही म्हणणे पटले. त्या सूचनेचे अक्षर मोठे करावे, असे पत्र मी कंपनीला पाठवले आहे. उत्तर आल्यास इथे कळवीन.

एक शंका उरली आहे. व्हिसाच्या शिक्क्यासाठी काउंटरवर गेल्यावर मदतीचे लोक तिथूनच सोबत येतात, की त्यांची जागा वेगळी असते?

नेकारकाठ

त्यांचा कक्ष बहुधा वेगळा असतो, म्हणून आधी काउंटरवर शिक्का घ्या आणि मग तिकडे जा. सुटण्याच्या अडीच तास आधी पोहोचलात तर काकूंना घाई होणार नाही.